परदेशातला जर्नीमन की रेल्वेची ट्रायल? २२ वर्षांच्या गार्डला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीचा २२ वर्षांचा पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेऊन हल्ला रचणारा खेळाडू), उंची ६ फूट २ इंच. मुंबई विद्यापीठाकडून दोन वर्षं खेळला आहे, महाराष्ट्राच्या सिनिअर संघात एकदा निवड झाली आहे, सध्या एम.कॉम.ला आहे. स्पेनमधल्या एका ‘एक्स्पोजर कॅम्प’साठी तीन लाख मागणारा एजंट व्हॉट्सॲपवर मागे लागला आहे. वडील म्हणतात, रेल्वेचा फॉर्म भर. तू विचारतोस की एनबीए जाऊ दे, पण या देशातून त्या देशात, संघ बदलत बदलत, म्हणजे ‘जर्नीमन’ होऊन, दहा वर्षं बास्केटबॉल खेळून पोट भरता येईल का?

भरता येतं, जगभरात हजारो जण भरतात. पण तुझी खरी अडचण वेगळी दिसते. कोणता दरवाजा कधी बंद होतो, हे तुला कुणी सांगितलेलं नाही. परदेशातल्या खालच्या लीगचा दरवाजा २७-२८व्या वर्षीही किलकिला असतो. रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्याचा २५ला बंद होतो आणि खुल्या भरतीत वयाची सूट कुणालाच नाही. त्यातही एक मेख आहे, बहुतेक पोरं तिथेच फसतात. ती पुढे येईलच.

काही गोष्टी तुझ्या पोस्टवरून ठरवता येत नाहीत: गुडघ्यांची अवस्था, घरी दरमहा पैसे द्यावे लागतात का, आणि खऱ्या अंतरावरून तुझी थ्री (दुरून मारलेला तीन गुणांचा शॉट) पडते का. या तिन्हींवर उत्तर बरंच फिरेल.

आधी वरचं टोक, म्हणजे डोक्यातून निघून जाईल. एनबीएत ३० संघ, प्रत्येकाकडे १५ नेहमीचे करार आणि ३ टू-वे करार (एनबीए आणि तिची खालची लीग, दोन्हीकडे खेळायचे). तिथला सगळ्यात फिरलेला जर्नीमन म्हणजे इश स्मिथ. २०१०च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याला कुणी घेतलं नाही, तरी तो १३ संघांकडून खेळला, हा विक्रम आहे, आणि २०२३मध्ये डेन्व्हरबरोबर विजेताही झाला. या वर्गातली माणसं १० दिवसांच्या करारावर जगतात. हे करार ५ जानेवारीपासून सुरू होतात. एका संघाला एका हंगामात एकाच खेळाडूशी असे दोनच करता येतात, मग हंगामभरासाठी घ्या नाहीतर सोडा. त्याखाली एनबीएची खालची लीग, ‘जी लीग’. तिचा करार संघाशी होत नाही, लीगशी होतो, आणि सुमारे पाच महिन्यांच्या हंगामाला ४० ते ४५ हजार डॉलर्सच्या घरात पगार मिळतो. अमेरिकन पोरं एवढ्यावर का थांबतात? कारण वरून कधीही फोन येऊ शकतो. तुझ्यासाठी त्यात व्हिसाची भिंत आहे आणि तुझ्याच उंचीचे, तुझ्यापेक्षा वेगवान शेकडो गार्ड आधीच रांगेत उभे आहेत. हा रस्ता सोडून दे.

आता जर्नीमनच्या बाजाराचं गणित. क्लब खेळाडू विकत घेत नाही, जागा भरतो. जवळजवळ प्रत्येक लीगमध्ये परदेशी खेळाडूंची संख्या बांधलेली असते. जर्मनीच्या बुंडेसलिगात सामन्याच्या १२ जणांच्या यादीत किमान ६ जर्मन लागतात. जपानच्या बी-लीगने २०२०पासून काही आशियाई देशांच्या खेळाडूंसाठी वेगळी जागा ठेवली आहे. ती यादी बदलत असते, म्हणून त्या हंगामाचा नियम बघूनच अर्ज कर. भारतीय पासपोर्टवर तू युरोपात कुठेही गेलास की इम्पोर्टच्या, म्हणजे परदेशी खेळाडूच्या, जागेवर बसतोस. खालच्या लीगमध्ये क्लबला अशा एक-दोनच जागा असतात. म्हणजे तुझी तुलना तिथल्या स्थानिक पोराशी होणारच नाही. ती अमेरिकेत चार वर्षं डिव्हिजन वन (सर्वोच्च गटातलं) कॉलेज खेळून आलेल्या, सामन्याला १५-१८ गुण टाकणाऱ्या मुलाशी होईल.

हे आपल्याकडे फार उशिरा कळतं. भारतात जो चांगला बचाव करतो, बॉल सांभाळतो, सेट चालवतो, त्याला कोच डोक्यावर घेतात. परदेशी क्लब ही कामं स्थानिक पोरांकडून स्वस्तात करून घेतो. इम्पोर्टकडून त्याला गुण हवे असतात आणि दुसऱ्या महिन्यात ते आले नाहीत तर नोव्हेंबरमध्ये परतीचं तिकीट. ‘मी पास-फर्स्ट गार्ड आहे’ हे वाक्य इम्पोर्टच्या बायोडेटात फार नुकसान करतं.

भारतातून बाहेर गेलेले बघ. सतनाम सिंग ७ फूट २ इंच. २०१५मध्ये डॅलसने त्याला ५२व्या क्रमांकावर घेतलं, तो टेक्सस लेजंड्सकडून जी लीग खेळला (तेव्हाची डी-लीग), पुढे कॅनडात सेंट जॉन्स एजकडे गेला. अमृतपाल सिंग ६ फूट ११ इंच, जपान करून २०१७-१८मध्ये सिडनी किंग्जला. अमज्योत सिंग ६ फूट ८ इंच, जपान करून त्याच हंगामात जी लीगच्या ओक्लाहोमा सिटी ब्लूला. उंची शिकवता येत नाही, म्हणून क्लब तिच्यावर जुगार खेळतात. गार्डमध्ये विशेष भृगुवंशीने २०१७मध्ये ॲडलेड ३६अर्सशी करार केला, पण तो तेव्हा भारताचा कर्णधार होता. एका राज्य निवडीवर हे होत नसतं.

म्हणून एजंटला उत्तर देण्याआधी स्वतःची तपासणी कर, तीही टेप घेऊन. मुंबईत अजून बरीच सिमेंटची कोर्टं अशी आहेत की त्यांवरच्या रेषा जुन्या मापाच्या आहेत. २०१०पर्यंत फिबाची (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची) थ्री पॉइंट रेषा ६.२५ मीटरवर होती, त्यानंतर ती ६.७५वर गेली. ओळखायची खूण सोपी: रिंगखालची ‘की’ (आखलेला भाग) बेसलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या रेषेकडे, पसरत गेलेली असेल तर ती जुनी आखणी, आता ती सरळ आयत असते, ४.९ मीटर रुंद. खात्री करायची तर रिंगच्या मध्यातून ओळंबा सोड. तो बिंदू बेसलाइनच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर पडला पाहिजे. तिथून टेप लावून कमानीची बाहेरची कड मोज, ६.७५ यायला हवी. कोपऱ्यात सरळ रेषा साइडलाइनपासून ९० सेंटिमीटरवर असते, म्हणजे त्या बिंदूपासून ६.६० मीटर. तुझं ‘४० टक्के’ जुन्या रेषेवरचं असेल तर अर्धा मीटर मागे जाऊन पुन्हा मोज. पाय मागे गेले की दमल्यावर पहिला फरक रिलीजमध्ये (बॉल हातातून सुटताना) पडतो, बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागायला लागतो.

मोजताना उभं राहून मारू नकोस. पाच जागा, प्रत्येक जागेवर २० शॉट, प्रत्येक शॉट धावत येऊन, आणि दर २० नंतर दोन सुसाइड स्प्रिंट (एकेका रेषेपर्यंत जाऊन परत येण्याच्या धावा). एकूण १००. माझा अंदाज, आणि बरेच कोच याच्याशी सहमत होतील: इथे ६५च्या खाली असशील तर खऱ्या सामन्यात ३५ टक्के निघणार नाहीत. ६ फूट २चा इम्पोर्ट गार्ड ३५च्या खाली असला तर फाइल उघडतच नाही. उंचीही अनवाणी मोज आणि तीच लिही. क्लब पहिल्याच दिवशी मोजतो. दोन इंच कमी निघाले की तुझ्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. हायलाइट चार मिनिटांच्या आत आणि सगळ्यात चांगलं पहिल्या अर्ध्या मिनिटात. त्यापुढे बघायचं की नाही ते माणूस तिथेच ठरवतो. गाणं लावू नकोस. सोबत तीन पूर्ण सामने हवेत, कापछाट न केलेले, तगड्या संघांविरुद्धचे: रेल्वे, सर्व्हिसेस, इंडियन ओव्हरसीज बँक, ओएनजीसी. कॅमेरा मध्यरेषेसमोर, उंचावर, ट्रायपॉडवर, दोन्ही बाजूंचे दहाही खेळाडू फ्रेममध्ये. मित्राने बेसलाइनवरून मोबाइल हलवत घेतलेलं फुटेज फुकट आहे, त्यात पिक-अँड-रोलमध्ये (सहकाऱ्याच्या आडोशाने केलेल्या चालीत) तू मदतीचा बचाव वाचतोस की नाही हेच दिसत नाही. कोचला तेवढंच बघायचं असतं.

आता पैसे. युरोपच्या खालच्या विभागांत पहिल्या करारात महिना हजार ते दोन हजार युरो, वर राहायला खोली आणि कधी एक वेळचं जेवण, असं धरून चाल. १,५०० युरो नऊ महिने म्हणजे १३,५००. उरलेले तीन महिने शून्य. ट्रेनिंग, फिजिओ, घरचा खर्च यांना त्या तीन महिन्यांतही सुट्टी नसते. मुरलेले जर्नीमन म्हणून दोन हंगाम जोडतात: युरोपचा हंगाम मेमध्ये संपला की प्वेर्तो रिको, कॅनडाची सीईबीएल, ऑस्ट्रेलियाची एनबीएल१ किंवा न्यूझीलंडची लीग. यात शरीराला विश्रांती नाही. तिशीनंतर गुडघे आणि पोटऱ्या जाण्यामागचं मोठं कारण हेच.

करार हा या धंद्याचा कणा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. पानं कितीही असोत, आधी सहा जागा शोधायच्या.

पहिली, पगार ‘नेट’ आहे का. म्हणजे कर क्लब भरणार आणि आकडा तुझ्या हातात पडणारा. हप्त्यांच्या तारखा प्रत्यक्ष तारखांनी लिहिलेल्या हव्यात, ‘दरमहा’ एवढं पुरत नाही. पहिला हप्ता पोहोचल्यावर लगेच असेल तर क्लबकडे पैसे असल्याची ती बरी खूण. दुसरी, वैद्यकीय तपासणी. पोहोचल्यापासून ४८ ते ७२ तासांत ती व्हावी आणि पास झाल्यावर करार पक्का, असं लिहिलेलं असावं. मुदत नसेल तर क्लब दीड महिना तुला खेळवून मग गुडघ्याचं कारण काढतो. तिसरी, ‘ट्रायआउट’ हा शब्द. दोन आठवड्यांचा ट्रायआउट असेल तर तो करार नाही, नुसतं आमंत्रण आहे; त्यावर घरची नोकरी किंवा परीक्षा सोडायची नसते. चौथी, दुखापत. खेळताना दुखापत झाली तर करार संपणार नाही आणि उपचाराचा खर्च क्लबचा, हे स्पष्ट हवं. पाचवी, उशिराचं कलम: पगार ठरावीक दिवस, समजा १५, थकला तर तुला सरावाला न येण्याचा हक्क, आणि ३० दिवस थकला तर करार मोडून पूर्ण रक्कम मागण्याचा हक्क.

सहावी सगळ्यात महत्त्वाची आणि ती शेवटच्या पानावर असते: वाद झाल्यास फिबाच्या बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनलकडे जायचं, हे कलम. ही यंत्रणा जिनिव्हात आहे, कामकाज इंग्रजीत, बहुतेक कागदोपत्रीच, आणि निकाल देणारा एकच लवाद. निकाल पाळला नाही तर फिबा त्या क्लबला नवे खेळाडू नोंदवण्यावर बंदी घालू शकतं. क्लबला कोर्टापेक्षा याची भीती जास्त. पण हे कलम करारात नसेल तर ट्रिब्युनलला तुझं प्रकरण ऐकण्याचा अधिकारच नाही. मग तिथल्या स्थानिक कोर्टात, तिथल्या भाषेत, तिथल्या वकिलाला पैसे देऊन लढायचं. आणि फुकट काहीच नाही: अर्जाचं शुल्क परत मिळत नाही, खर्चाची आगाऊ रक्कम भरावी लागते, क्लबने आपला वाटा भरला नाही तर तीही तुझ्यावर येते. दोन पगारांसाठी हा मार्ग परवडत नाही. थकबाकी साठू न देणं हाच त्यावरचा उपाय, आणि त्यासाठी पाचवं कलम.

प्रत्यक्षात काय होतं तेही ऐक. क्लबला तू नको झालास की तो ‘काढलं’ म्हणत नाही. सरावाची वेळ कळवायची बंद करतो, घराचं वायफाय जातं, दुसऱ्या कुणाबरोबर खोलीत राहायला सांगतात. वैतागून पोरगा विमानात बसतो आणि क्लब लिहून देतो की खेळाडू करार सोडून पळाला. तिथे हक्क संपला. म्हणून निघण्यापूर्वी ईमेलवर लेखी नोटीस, त्यात थकलेली रक्कम आणि मुदत. मुदत संपेपर्यंत सरावाला हजर राहायचं, कुणी दार उघडलं नाही तरी दारातला तारीख-वेळेसह फोटो काढायचा. आणि तोडगा निघाला तर सही-शिक्क्याचं रिलीज लेटर हातात घेतल्याशिवाय हलायचं नाही. देश बदलताना फिबाचं लेटर ऑफ क्लिअरन्स लागतं. आधीच्या क्लबशी करार चालू असल्याचं कारण दाखवून ते अडवता येतं, तेव्हा हाच कागद कामी येतो. भारतातून पहिल्यांदा निघतानाही हे क्लिअरन्स बीएफआयमार्फत (भारतीय बास्केटबॉल महासंघामार्फत) जातं. म्हणून इथल्या कुठल्या संघाशी, लीगशी काय सही केली आहेस ते आधी काढून बघ.

एजंटचं सरळ आहे. फिबाचा परवाना असलेल्या एजंटांची यादी फिबाच्या संकेतस्थळावर असते, त्यात नाव नसेल तर विषय संपला. परवानाधारक एजंट तुझ्या पगारातून जास्तीत जास्त १० टक्के घेऊ शकतो, आणि युरोपात पुष्कळदा ती रक्कम क्लब वेगळी भरतो. म्हणजे त्याची कमाई तुझ्या करारातून, तुझ्या खिशातून आधी नाही. जो आधी पैसे मागतो त्याचा धंदा कॅम्प विकण्याचा आहे. सगळे कॅम्प खोटे नसतात, पण तिथे कोच बघायला येतात ते बहुतेक युरोपीय पासपोर्टवाले आणि अमेरिकन कॉलेजवाले. ज्याच्याकडे आधीपासून तीन सामन्यांचं फुटेज आणि एखाद्या क्लबचा रस आहे त्याला कॅम्पचा उपयोग होऊ शकतो. तुझ्याकडे सध्या दोन्ही नाहीत.

आता ती मेख. रेल्वेच्या खुल्या स्पोर्ट्स कोटा भरतीत १०० गुण असतात: ४० ट्रायलचे, ५० खेळातल्या कामगिरीचे, १० शिक्षणाचे. ट्रायलमध्ये ४०पैकी २५ पडले नाहीत तर पुढचं बघतच नाहीत. त्यापुढे निकाल ठरवतात ते ५० गुण, आणि तिथे चालते ती फक्त ताजी कामगिरी. प्रत्येक जाहिरातीत ‘या तारखेनंतरच्या स्पर्धा’ अशी अट असते, साधारण मागच्या दोन-अडीच आर्थिक वर्षांतली. मोजल्या जातात त्या भारतातर्फे खेळलेल्या स्पर्धा, राष्ट्रीय अजिंक्यपद, नॅशनल गेम्स, फेडरेशन कप, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ. लेव्हल २/३च्या (पगाराच्या श्रेणी) पदांसाठी राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या आठात किंवा आंतरविद्यापीठात पहिल्या तिनात असे निकष असतात. नेमका तक्ता त्या जाहिरातीत बघ. परदेशी क्लबचा हंगाम या तक्त्यात कुठेच बसत नाही. तू २२व्या वर्षी बाहेर गेलास, दोन हंगाम चांगला खेळलास आणि २४ला परत येऊन फॉर्म भरलास, तर ट्रायलमध्ये सगळ्यांना मागे टाकशील आणि ५०च्या रकान्यात लिहायला काही नसेल. पुढच्या भरतीत वय गेलेलं असेल.

वडील ‘रेल्वे’ म्हणतात तेव्हा तुला ते खेळ सोडायला सांगत आहेत असं वाटतं, पण प्रत्यक्षात भारतात सर्वांत जास्त वर्षं खेळायला मिळतं ते डिपार्टमेंटच्या संघांतच. लेव्हल ४ला बेसिक २५,५०० आणि लेव्हल ५ला २९,२०० रुपये, वर महागाई भत्ता आणि मुंबईचा घरभाडे भत्ता. सराव आणि स्पर्धांसाठी विशेष रजा असते, मोठ्या कामगिरीला वाढीव इन्क्रीमेंट किंवा बढतीही मिळू शकते. ग्रॅज्युएट असल्यामुळे तू लेव्हल ४/५लाही अर्ज करू शकतोस, पण तिथले कामगिरीचे निकष बरेच चढे आहेत. तुझ्या आजच्या कागदांवर लेव्हल २/३च वास्तव आहे. पश्चिम रेल्वेच्या भरती कक्षाची जाहिरात आणि मध्य रेल्वेची, दोन्हींवर लक्ष ठेव. बास्केटबॉलची जागा दरवर्षी निघतेच असं नाही आणि निघाली तरी पोझिशन लिहिलेली असते. गार्डची जागा या वर्षी आली आणि तू स्पेनमध्ये असलास, तर तशी पुन्हा कधी निघेल हे कुणाच्या हातात नाही.

मग परदेश सोडायचा का? नाही, हंगाम निवडून जायचं. आपली सिनिअर नॅशनल अलीकडे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास होते, विद्यापीठाच्या स्पर्धाही हिवाळ्यातच. युरोपचा हंगाम नेमका त्याच्यावर बसतो. ऑस्ट्रेलियाची एनबीएल१ मात्र एप्रिल ते ऑगस्ट चालते, न्यूझीलंडची लीगही त्याच सुमारास. तिथे खेळून सप्टेंबरमध्ये मुंबईत आलास तर राज्याच्या निवड चाचणीला हजर राहता येतं आणि ५० गुणांचा रकाना रिकामा राहत नाही. शिवाय आपल्याकडे जून ते सप्टेंबर पावसाने उघडी कोर्टं बंदच असतात, नागपाड्यातलीही. ते चार महिने तसेही अर्धे वाया जातात.

एनबीएल१मध्ये भरपूर पैसा आहे असं समजू नकोस. परदेशी खेळाडूंच्या जागा तिथेही मोजक्या आहेत, बऱ्याच क्लबांत खेळाडू ज्युनिअर पोरांना शिकवून किंवा दिवसा दुसरं काम करून भागवतो. खेळासाठीचा व्हिसा सबक्लास ४०८, त्यात क्लबने तुझ्यामागे उभं राहावं लागतं. दुसरा मार्ग वर्क अँड हॉलिडे, सबक्लास ४६२. तो २०२४पासून १८ ते ३० वयाच्या भारतीयांना सोडतीने मिळतो, वर्षाला एक हजार जागा. तो मिळाला तर छोट्या क्लबसाठी तू एकदम सोपा खेळाडू होतोस, कारण त्यांना कागद करावे लागत नाहीत. टुरिस्ट व्हिसावर मात्र ‘आधी ये, मग बघू’ म्हणणाऱ्या क्लबकडे जाऊ नकोस. पकडलं गेल्यावर पुढच्या प्रत्येक देशाच्या फॉर्ममध्ये ते लिहावं लागतं.

भारतातल्या लीगकडे पुरवणी म्हणून बघ. यूबीए २०१५मध्ये आली आणि काही हंगामांत थांबली. बीएफआयची आयएनबीएल २०२२ला सुरू झाली. २०२५मध्ये आयएनबीएल प्रो २५ वर्षांखालील खेळाडूंसाठी झाली, त्यात मुंबई टायटन्सही होते. तुझं वय त्यात बसत होतं, म्हणून पुढच्या निवडीची चौकशी राज्य संघटनेकडे आत्ताच कर. तिथलं फुटेज चांगलं असतं आणि समोर परदेशी गार्ड असतात, एजंटला दाखवायला याहून चांगलं इथे काही मिळणार नाही. सही करताना एनओसी आणि बाहेर पडण्याचं कलम वाच, नाहीतर लेटर ऑफ क्लिअरन्सच्या वेळी तेच आडवं येईल. थ्री-एक्स-थ्रीचं (तीन विरुद्ध तीन बास्केटबॉलचं) फिबाच्या संकेतस्थळावर खातं उघडून ठेव, नोंदणीकृत स्पर्धांचे रँकिंग गुण वैयक्तिक असतात आणि चौघांचा चांगला संघ जमला तर ते कामी येतात.

तर क्रम असा: टेप लावून चाचणी आणि तीन सामन्यांचं फुटेज आधी, हिवाळ्यात विद्यापीठ आणि राज्य, मार्चच्या आत एनबीएल१च्या क्लबांना ईमेल, आणि या सगळ्याच्या मधे जी कोट्याची जाहिरात निघेल तिचा फॉर्म. नोकरी लागली तरी पुढे परवानगी घेऊन बाहेर खेळायचा प्रयत्न करता येतो, मिळेलच असं नाही. उलटा क्रम वयामुळे शक्य नाही.

शरीराबद्दल दोनच गोष्टी. सिमेंटवर खेळणाऱ्या आपल्या गार्डांचा गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन दुखतो, आणि ते ‘गरम झाल्यावर थांबतं’ म्हणून खेळत राहतात. परदेशी क्लबच्या तपासणीत सोनोग्राफीत ते दिसतं. निघण्याआधी दोन महिने उड्या लाकडी किंवा सिंथेटिक कोर्टवर, आणि आठवड्यात तीनदा जड, संथ स्क्वॉट. दुसरी, सप्लिमेंट. सतनामवर २०२०मध्ये दोन वर्षांची बंदी आली ती हायजेनामिन हा बंदी असलेला पदार्थ सापडल्यामुळे, आणि हा पदार्थ वजन घटवायच्या आणि प्री-वर्कआउट पावडरींत असू शकतो. जिमवाल्याने दिलेला डबा असेल तर तो बंद कर. सर्दीचं औषध घेतानाही नाडाच्या (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या) यादीत तपास आणि डॉक्टरला आधीच सांग की तुझी डोपिंग चाचणी होऊ शकते.

बाहेरचा करार झालाच तर पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट आणि पदवीचं अपॉस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन) आधी काढून ठेव. क्लब पुष्कळदा ‘पुढच्या आठवड्यात ये’ म्हणतो आणि कागद नसले की दुसऱ्याला बोलावतो. तिथे कापलेल्या कराचं प्रमाणपत्र दर हंगामाला मागून घे. आर्थिक वर्षात किती दिवस भारतात होतास (मुख्य मर्यादा १८२ दिवसांची) यावर इथला कर अवलंबून असतो, म्हणून पासपोर्टवरचे शिक्के आणि बोर्डिंग पास फेकू नकोस.

त्या एजंटला आज एवढंच लिही: फिबाचा परवाना क्रमांक काय, मागच्या कॅम्पमधून भारतीय किंवा इतर आशियाई पासपोर्टवर कुणाला करार मिळाला आणि कोणत्या क्लबचा, आणि तीन लाख करार झाल्यावर पगारातून कापून घ्याल का. तिसऱ्या प्रश्नानंतर बहुतेक वेळा निळी टिक येते आणि उत्तर येत नाही. आलं, तर क्लबचं नाव इथे लिही. त्या लीगमध्ये इम्पोर्टच्या जागा किती आणि त्या क्लबवर फिबाची नोंदणीबंदी आहे का, हे तपासायला वेळ लागत नाही.